ठाणे-नवी मुंबईत पाहुणे, पदरात लहान पोरं आणि हाताशी कुणी नाही: दिवस कसा काढायचा?

नवऱ्याचं काही आठवड्यांचं ट्रेनिंग असतं, कंपनीने राहायला फ्लॅट दिलेला असतो, म्हणून सगळं कुटुंबच येतं. तो सकाळी साडेआठला बाहेर पडतो, तो रात्री आठला उगवतो. मागे उरतात आई, दीड-दोन वर्षांचं एक आणि चार वर्षांचं एक. कधी उलटंही असतं: बायकोचा कोर्स आणि बाबा पोरांजवळ. आमच्या नात्यागोत्यातली अशी मंडळी ठाण्यात येतच असतात आणि दोन दिवसांत फोन येतो, "ताई, यांना घेऊन जाऊ कुठे?"

मी आधी वेळेचं सांगते, जागेचं नंतर. दिवसाला बाहेरची एकच गोष्ट. तीही रिक्षाने पंधरा मिनिटांच्या आत. आवडली तर उद्या पुन्हा तीच. चार वर्षांखालच्या पोराला शहर बघायचं नसतं. त्याला लिफ्टचं बटण दाबायचं असतं, जेसीबी बघायचा असतो, रिक्षाच्या मीटरचा आकडा बदलला की ओरडायचं असतं. 'आलोच आहोत तर गेटवे पण करून येऊ' हा विचार लहान पोरांसोबत एकटं असताना बाजूला ठेवा. तो रविवारी, दोघं असताना करा.

निघण्याआधी

तीन कामं गावातच उरकून घ्या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तापाच्या औषधाचा डोस पोराच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घ्या, बाटलीचं नाव आणि त्यातलं प्रमाण यांसकट. रात्री दोन वाजता अनोळखी घरात हिशेब सुचत नाही. दुसरं, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये हवा. तिसरं, पोराची रोजची चादर किंवा उशी बॅगेत टाका. खेळणी नाही घेतली तरी चालेल, पण झोपेची वस्तू विसरू नका. ती राहिली तर पहिल्या चार रात्री तुमच्या.

स्ट्रोलर आणायचा का, हे मुक्कामावर ठरतं. नौपाडा, राम मारुती रोड, स्टेशन परिसर अशा जुन्या ठाण्यात फुटपाथवर स्कूटर, खांब आणि फेरीवाले असतात. तिथे स्ट्रोलर तुम्हालाच उचलून न्यावा लागेल. मॉलमध्ये, तलावांच्या वॉकिंग ट्रॅकवर आणि नेरूळ-खारघरच्या रुंद रस्त्यांवर तो चालतो. दोन पोरं असतील तर धाकट्यासाठी अंगावर बांधायचा कॅरियर बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि थोरल्याचं मनगट धरता येतं.

पहिला दिवस: गेटपासून कोपऱ्यापर्यंत

पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही. खाली उतरा आणि वॉचमनकाकांना पोरांची नावं, फ्लॅट नंबर आणि किती दिवस राहणार ते सांगा. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये गेटवरच्या ॲपमध्ये नाव नसेल तर बागेत पोर घेऊन उभ्या असलेल्या पाहुणीलाही 'कुठल्या विंगमधल्या?' असं विचारतात. एकदा काकांना माहीत झालं की पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

मग कोपऱ्यापर्यंत चक्कर मारा. दूध कुठे मिळतं, केमिस्ट कुठे, केळीवाला कुठे हे बघून ठेवा. केमिस्टकडेच विचारा, "जवळ लहान मुलांचे डॉक्टर कोण?" दवाखान्याची वेळ पाटीवरून टिपा. ही चक्कर पोरासाठी सहलच असते, त्यामुळे घाई करू नका. गटाराच्या जाळीत खडा टाकायला त्याला दहा मिनिटं लागली तर लागू द्या.

संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेत सोसायटीच्या बागेत उतरा. कट्ट्यावर आजी-आजोबा असतात, घसरगुंडीवर पोरं असतात. पहिल्या संध्याकाळी ओळख निघाली तर दुसऱ्या दिवशी एखाद्या आजी आपणहून म्हणतात, "बस गं जरा, मी बघते याच्याकडे." यापेक्षा मोठी मदत या शहरात विकत मिळत नाही.

दिवसाचे तुकडे

बाहेरचं काम सकाळी सात ते दहामध्ये उरका. ठाण्याची हवा दमट असते. मार्चनंतर दहाच्या पुढे उघड्यावर पोर लाल होतं आणि चिडचिडतं. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, त्यामुळे अकराला पोहोचलात तर कुलूप दिसायचं. ज्या बागेला किंवा केंद्राला तिकीट आहे, तिथली वेळ आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

दुपारची झोप मोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. परगावी ती हमखास कमी पडते आणि मग संध्याकाळी त्याचं भोकाड सुरू होतं. तेव्हा पोराला दोष देऊन काही होत नाही. एक ते तीन पडदे ओढा, पंखा लावा, आणि तुम्हीही आडव्या व्हा. भांडी राहू द्या.

साडेपाचनंतर फक्त पायी जाण्याजोगं काही करा. संध्याकाळी पाच ते साडेआठ घोडबंदर रोड, माजिवडा आणि कापूरबावडी इथे रिक्षात अडकणं आणि मांडीवर भुकेलं पोर असणं हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मुक्काम ठाण्यात असेल तर

नौपाडा, पाचपाखाडी किंवा स्टेशनजवळ राहत असाल तर मासुंदा तलाव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची तलावपाळी, हाच तुमचा अड्डा. लोक संध्याकाळी जायला सांगतील. तेव्हा भेळ, आइस्क्रीम, दिवे आणि गर्दी, सगळंच असतं, पण दोन पोरं आणि एक मोठं माणूस या हिशेबाला ती वेळ जड जाते. सकाळी साडेसातला जा. कठड्याशी उभं राहून पाण्यातलं छोटं मंदिर दाखवा, बगळा शोधा, मग कौपिनेश्वर मंदिरात घंटा वाजवा. घंटेसाठी पोराला उचलावं लागतं आणि त्याला ती एकदा वाजवून पुरत नाही, तेवढी तयारी ठेवा. बोटिंगला लहान पोरांसोबत एकटीने बसू नका. लाइफ जॅकेट असलं तरी दोन हातांत दोन पोरं सावरणं बोटीत जमत नाही.

महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी तलाव नावामुळे कुणी सुचवत नाही. मला तलावपाळीपेक्षा तो लहान पोरांसाठी जास्त पटतो. भोवती चालायचा ट्रॅक आहे, गाड्या आत येत नाहीत आणि सकाळी फिरणारी मंडळी ओळखीची होतात. फेरी मोठी नाही, त्यामुळे 'आता अजून एक' म्हणणाऱ्या पोराला खरंच अजून एक मारू देता येते.

वर्तकनगर किंवा पोखरण रोडला असाल तर येऊरच्या पायथ्याचा उपवन तलाव. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. वर जंगलात एकटीने पोरं घेऊन जाऊ नका. तलावाकाठून हिरवा डोंगर दिसतो तेवढा पुरे.

घोडबंदर रोडला असाल तर २०२४ मध्ये सुरू झालेलं कोलशेतचं ग्रँड सेंट्रल पार्क आहे. वीस एकरांहून मोठं आहे, प्रवेशाला तिकीट आहे. सगळं बघायच्या मागे लागू नका. आत शिरून पहिला लहान मुलांचा खेळायचा भाग गाठा आणि तिथेच थांबा. मोगल बाग आणि जपानी बाग मोठ्यांच्या फोटोंसाठी. ओवळ्याची ओवळेकर वाडी, म्हणजे फुलपाखरांची बाग, चार वर्षांच्या पोराला आवडते, दीड वर्षाच्याला कळत नाही. पावसाळा सरतानाचे दिवस तिच्यासाठी उत्तम. टिकुजीनी वाडी आणि सूरज वॉटर पार्क मात्र एकट्या पालकाने सोडून द्यावेत. पाण्यात एका पोरामागे एक मोठं माणूस हवंच.

आणि फुकटात काय? घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे खांब आहेत, काम चालू असेल तिथे क्रेनही. सुरक्षित अंतरावरच्या एखाद्या सोसायटीच्या गेटाआडून क्रेन बघण्यात माझ्या बहिणीचा धाकटा सकाळचा अर्धा तास रंगून जायचा. "वर... वर... आता खाली!" एवढंच त्याचं समालोचन. ती शेजारी उभं राहून चहा प्यायची.

नवी मुंबईत असेल तर

इथलं नियोजन सिडको या सरकारी कंपनीचं, सेक्टरवार. जवळजवळ प्रत्येक सेक्टरला छोटी बाग आहे, म्हणून आधी तीच शोधा. नावाजलेल्या जागांपैकी नेरूळच्या सेक्टर १९ए मधलं वंडर्स पार्क लहान पोरांच्या खरंच कामाचं आहे. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तुम्ही बघा, पोराचं लक्ष टॉय ट्रेनकडेच जाणार. सुट्टीच्या दिवशी टाळा.

वाशीच्या सागर विहारला ओहोटीच्या वेळी जा. भरतीला नुसतं पाणी. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतात, खेकडे बिळात पळतात. कठड्यापाशी बसून 'आता कोण बाहेर येणार' हा खेळ बराच वेळ चालतो. भरती-ओहोटीची वेळ फोनवर सहज मिळते.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीला चरतात आणि भरती आली की नेरूळच्या डीपीएस तळ्यासारख्या उथळ पाण्याकडे सरकतात. म्हणून नेरूळला भरतीच्या वेळी, सकाळी जा. तीन वर्षांच्या पोराला लांबचे गुलाबी ठिपके दहा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट जाते, पण लहान पोर उन्हात बोटीत बसवून ठेवणं एकट्याला जमण्यासारखं नाही. त्या केंद्रातलं प्रदर्शन बघून परत या.

खारघर-बेलापूरकडे असाल तर नवी मुंबई मेट्रो हेच खेळणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर अशी ती सुरू झाली. अकरा स्टेशनं, गार डबे, दुपारी बसायला जागा. सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे. तिथे उतरून खारघरच्या सेंट्रल पार्कात पोरांना मोकळं सोडा, फक्त सकाळी किंवा साडेचारनंतर, कारण हिरवळीवर सावली कमी आहे. बाहेर पाऊस असेल तर शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचं.

लोकल: सर्वात स्वस्त करमणूक

ठाणे-वाशी-पनवेल ही ट्रान्स-हार्बर लाइन बिनधास्त वापरा. ठाण्याला तिच्या गाड्या ९, १० आणि १०ए या फलाटांवरून सुटतात. गाडी तिथूनच निघत असल्याने खिडकी मिळते. वेळ सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे एकच्या झोपेआधी घरी परतता येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही.

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं येतात. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याला वळते, पनवेल-नेरूळची जुईनगरला. नेरूळला जायचं असेल आणि वाशीची गाडी पकडली असेल तर तुर्भ्याला उतरून मागची घ्या. पोराला प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने म्हणायला लावा. चार दिवसांत उद्घोषणेच्या आधी तेच सांगायला लागतं. वाशीहून पुढे मानखुर्दपर्यंत एकच स्टेशन गेलात तर गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते. जाऊन-येऊन हा फेरा पुरेसा असतो.

आई असेल तर लेडीज डबा. बारा वर्षांखालच्या मुलग्याला तिथे आईसोबत बसता येतं. बाबा मुलीला घेऊन असेल तर त्याला जनरलमध्येच जावं लागतं, म्हणून त्याने अकराचीच वेळ धरावी. चढताना आधी थोरलं, मग धाकट्याला घेऊन तुम्ही. उतरताना उलट नाही: धाकटं कडेवर, थोरल्याचं मनगट हातात, आणि तिघं एकाच वेळी. बोट धरू नका, मनगट धरा. गर्दीत बोटं सुटतात. गाडी सुटायच्या बेतात असेल तर सोडून द्या, दुसरी येते.

रिक्षात पोराला मध्ये बसवा, कडेला नाही. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झालं. कमी अंतराला रिक्षावाला आढेवेढे घेत असेल तर पुढची बघा, भांडण्यात पोरं रडवेली होतात.

शू, शी आणि भूक

दोन पोरं असताना स्वतःला जायचं असेल तर दोघांना घेऊनच आत जायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणून निघण्याआधी घरीच उरका आणि बाहेरचा मुक्काम दीड तासाचाच ठेवा. मॉलमध्ये बाळाचं लंगोट बदलायची खोली असते. वाशीचा इनॉर्बिट, नेरूळपुढचं सीवूड्सचं मॉल (ते स्टेशनवरच आहे), ठाण्याचा कोरम हे त्यासाठी लक्षात ठेवा. बाबा मंडळींनी सिक्युरिटीला विचारावं, बायकांच्या बाजूला असलेली खोलीही बऱ्याचदा उघडून देतात. मॉलमधला खेळायचा झोन महाग असतो आणि आवाजी. पाऊस असेल तरच.

खाण्यासाठी उडुपी हॉटेल गाठा. इडली, दहीभात, ताक. ऑर्डर देतानाच सांगा, "सांबार वेगळं द्या, पोराला नको." प्लेट यायला उशीर होतो, तोवर पिशवीतलं केळं. आख्खे शेंगदाणे, चणे, पॉपकॉर्न, आख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्यांना देऊ नका. रिक्षा-ट्रेनमध्ये तर अजिबात नाही, घशात अडकलं तर धक्क्यात कळतही नाही. ठाण्यात येऊन मामलेदारची मिसळ खायचीच असेल तर नवरा येताना पार्सल घेऊन येऊ दे. तिच्या तिखटाशी पोराची भेट एवढ्यात नको.

घरातली लांब दुपार

झोपून उठल्यावर साडेतीन ते साडेपाच हा अवघड पट्टा. फ्लॅट परका, टीपॉय काचेचा. आधी काच, चार्जर आणि खिडकीजवळची खुर्ची हलवा. खुर्ची विसरू नका, पोरं तिच्यावरून ग्रिलवर चढतात.

मग रंगीत चिकटपट्टीने फरशीवर रूळ काढा, सोफ्याखाली बोगदा, दाराशी ठाणे स्टेशन. सकाळी जे बघितलं तेच दुपारी खेळायचं, म्हणजे नवीन काही सुचावं लागत नाही. कणकेचा गोळा द्या आणि लाटणं. भेंडीचं चिरलेलं देठ हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर ठसे. बादलीत चार बोटं पाणी, तांब्या, गाळणी आणि दोन चमचे, पण तुम्ही तिथेच बसायचं, फोन खिशात. बादलीतल्या थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की लगेच ओता.

मोबाइलचं म्हणाल तर दोन वर्षांखाली नको आणि त्यापुढे दिवसाला तासभर, हे बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचंही म्हणणं आहे. तो तास उधळू नका. तुमची आंघोळ आणि स्वयंपाकातली फोडणी यांसाठी राखून ठेवा.

पावसाळ्यात आलात तर

मोठ्या भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर बाहेर पडू नका, रस्त्यांवर पाणी साचतं आणि लोकल रखडतात. हलक्या सरीत मात्र गमबूट घालून सोसायटीतच डबक्यांत उड्या मारू द्या, टॉवेल दारात ठेवून. खारघरचा पांडवकडा धबधबा लांबूनच दाखवा. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बागेत पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा, अंदाजाने ग्लासात नाही.

नजरेआड झालं तर

रोज निघताना पोरांचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आपला नंबर. चार वर्षांच्याला एकच गोष्ट शिकवा: "मी दिसले नाही तर जिथे आहेस तिथेच उभा राहा आणि मोठ्याने आई म्हण." पोर दिसेनासं झालं तर लाजू नका, तिथल्या तिथे मोठ्याने सांगा: "लाल टी-शर्ट, चार वर्षांचा मुलगा!" लोक लगेच बघायला लागतात. मॉलमध्ये सिक्युरिटीला गेट अडवायला सांगा. पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत असाल तर १३९. हे तिन्ही नंबर आजच फोनमध्ये टाका.

रात्री आठला दुसरा माणूस घरी आला की त्याला पाणी प्यायला पाच मिनिटं द्या आणि मग पोरांची आंघोळ त्याच्यावर सोपवून तुम्ही खाली उतरा. दूध आणायच्या निमित्ताने का होईना. पिशवी घ्या, पोरं घेऊ नका. केळीवाल्याकडे उद्याची केळी आत्ताच घेतली की सकाळी साडेसातला निघता येतं.